बंद रेडिओची नोंद

आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
१७ नोव्हेंबर १९७५

आदरणीय इंद्रभान मामांना आणि मामींना लिलाचा जयभीम.

मामा, मुंबईच्या पाण्याने धरलेला तुमचा खोकला सुटला का? मामींचे गुडघे जिना चढू देतात का? इकडे सर्व ठीक आहे, असे लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. आईची तब्येत चांगली आहे. ती रोज तुमची आठवण काढते आणि लगेच मला बोलते, कारण तुमचे नाव निघाले की तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर निघतो, आणि कॉम्प्युटर निघाला की माझा उद्धार होतो. तो कशामुळे, ते सविस्तर कळवते. पत्र लांबेल. तुम्ही दुपारच्या सुटीत वाचावे.

आपल्या गावात सरकारी रेडिओ दोन आहेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक आपल्या वस्तीच्या समाजमंदिरात. ऑगस्टमध्ये ग्रामसेवक आले. कोणता रेडिओ किती वाजता कोणत्या स्टेशनवर असतो, याची रोज नोंद ठेवणारे शिकलेले माणूस त्यांना हवे होते. मी बी. ए. झालेली (घरात पहिलीच, हे मी सांगत नाही, बाबा सांगतात, एस. टी.च्या कंडक्टरलाही सांगतात), म्हणून काम माझ्याकडे आले. नोंदीचे प्रकार दोन होते आणि त्यांतून एक मीच निवडायचा होता. पहिला म्हणजे जाड वही, तिच्यात अर्धे पान शेऱ्यासाठी सोडलेले. ती तालुक्याचे साहेब वाचणार. दुसरा म्हणजे छापील तक्ता, पंधरा पंधरा मिनिटांचे चौकोन आखलेला. नागपूर लागले असेल तर १, मुंबई २, सिलोन ३, दुसरे काही असेल तर ४, आणि रेडिओ बंद असेल तर शून्य. हे तक्ते तुमच्या ऑफिसात जाणार, त्यांवरून भोके पाडून कार्डे केली जाणार आणि ती कॉम्प्युटर वाचणार.

मी तीन दिवस विचार केला. (ग्रामसेवक म्हणाले, एवढा विचार लोक सोयरीक जुळवतानाही करत नाहीत.) उन्हाळ्यात तुम्ही सुटीवर आला होता तेव्हा ओट्यावर बसून म्हणाला होता, "लिले, त्या मशीनले जात समजत नाई, वशिला समजत नाई, निस्ता आकडा समजते." मामा, ते माझ्या मनात फार खोल गेले. वहीवरचे आडनाव आधी वाचतात आणि अक्षर मग, हे मी शाळेपासून पाहिले आहे. इथे पहिल्यांदाच असा कोणीतरी भेटत होता, जो माझे आडनाव न विचारता माझे म्हणणे ऐकणार होता. मी तक्ता निवडला. बाबा म्हणाले, "तुले लिहाची एवढी हौस, तं वही घे ना वं. चौकटीत काय लिहिशीन, भोपळा?" मी बाबांना अर्धा तास विज्ञान समजावून सांगितले. तो अर्धा तास आठवला की आता मान वर होत नाही.

आता समाजमंदिरात रेडिओ कसा ऐकतात ते सांगते. संध्याकाळी सात वाजता शेतीचा कार्यक्रम लागतो. बायामाणसे मिळून पन्नासेक जमतात. रेडिओतला माणूस फार शुद्ध बोलतो आणि अजिबात थांबत नाही. म्हणून पाच मिनिटे झाली की पंचफुलाकाकू उठते, "थांब जी भाऊ, जरा दम घे," असे त्याला सांगते (पाहुण्याशी बोलावे तसे) आणि कान पिळून रेडिओ बंद करते. मग मारोतराव, आपल्या वस्तीतले, मालकाकडे सालाने राबणारे, चौथी शिकलेले, ऐकलेले सगळे आपल्या बोलीत फोडून सांगतात. मग वाद होतो. तो आठ वाजेपर्यंत चालतो, कधी नऊपर्यंत. मी कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसते आणि लिहिते: १, ०, ०, ०. एकदा पंचफुलाकाकूने विचारले, "काय लिहून राह्यली वं?" मी म्हटले, रेडिओ बंद आहे असे लिहिते. ती म्हणाली, "मंग बराबर हाय. बंदच तं हाय!" मला तेव्हा स्वतःच्या सचोटीचा अभिमान वाटला होता.

ग्रामपंचायतीतला रेडिओ शिपाई गुलाबसिंग सकाळी लावतो आणि चहाला जातो तो थेट मुक्कामालाच. तिथे दोन शेळ्या असतात, त्याही रेडिओकडे पाठ करून. पण चौकोनात १, १, १, १.

मागच्या महिन्यात फवारणीवर कार्यक्रम झाला. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये, तोंडाला फडके बांधावे, उपाशीपोटी फवारू नये. पंचफुलाकाकूचा नवरा गेल्या साली औषध मारता मारता शेताच्या धुऱ्यावर पडला होता, ते तुम्हाला कळवलेच होते. त्या दिवशी रेडिओ बंद झाल्यावर दीड तास कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मजूर मिळून मालकाकडे गेले आणि फडके, साबण आणि आधी भाकर, याशिवाय पंप पाठीवर घेणार नाही म्हणाले. मालकाने ऐकले, मामा! त्या दीड तासाचे मी सहा चौकोन भरले. सहाही शून्य.

परवा तालुक्याचे पत्र आले. सप्टेंबरच्या तक्त्यांवरून ग्रामपंचायतीच्या रेडिओची प्रशंसा केली आहे. समाजमंदिरातला रेडिओ मात्र शेतीच्या कार्यक्रमाच्या वेळी बंद असतो, लोकांना गोडी दिसत नाही, असे पुढे आहे. ऑक्टोबरचे आकडेही तसेच आले तर तो दुसऱ्या गावाला देण्यात येईल. मी धावत तालुक्याला गेले. साहेबांना सगळे सांगितले. ते सौम्यपणे म्हणाले, "बाई, शेरा वहीत असतो. तुम्ही तक्ता घेतला." मशीनने माझे आडनाव विचारले नाही, हे अगदी खरे. त्याने काहीच विचारले नाही.

पत्र मी समाजमंदिरात वाचून दाखवले. कोणी रागावले नाही, त्याचेच वाईट वाटते. मारोतराव म्हणाले, "जाऊ दे पोरी, तुनं तं खरंच लिहिलं." आई एकटी रागावली आहे, माझ्यावर आणि त्याहून तुमच्यावर.

मामींना जयभीम. खोकल्याला अडुळसा पाठवते.

तुमची भाची,
लिला

ता. क. : खरे काम लिहायचे राहिले. ऑक्टोबरचे तक्ते मी ते पत्र येण्याच्या दोन दिवस आधीच पाठवून बसले. टपाल तुम्हीच फोडता आणि कार्डे पाडणाऱ्या बायकांच्या टेबलावर नेऊन ठेवता ना? सोबत नवे तक्ते आहेत. जुने काढून हे ठेवावेत. यात संध्याकाळी सातपासून पुढे १ आहे. ९ ते १२ तारखेची शून्ये तशीच ठेवली आहेत, कारण तेव्हा बॅटरी खरोखर उतरली होती. मी पहिल्यांदाच खोटे लिहिले आहे, म्हणून अक्षर जास्त काळजीपूर्वक काढले आहे.

ता. क. दुसरा : हे चुकीचे आहे हे मला कळते. तुमची नोकरी पक्की आहे, तिला धक्का लागू नये. नको वाटले तर नवे तक्ते फाडून टाका, मला वाईट वाटणार नाही. (वाटेल.) आणि ठेवताना पकडले गेलात तर हे पत्र सरळ साहेबांपुढे ठेवा; दोष माझा आहे, म्हणून खाली पूर्ण नावाने पुन्हा सही करते. मामा, राग मानू नका, पण पकडले गेलात तर एका अर्थी बरेच होईल. निदान एक साहेब तरी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतील.

लिला ग्यानबा पडघान, बी. ए.