येळवसची हाक

माय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तरी मी लिहायला बसले आहे. तू असतीस तर हे पत्र शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि यात जे आहे ते शेजारपाजाऱ्यांच्या कानावर जावं असं नाही. म्हणजे तू असतीस तरी मी हे पाठवलं नसतंच. आज वेळ अमावस्या, आपली येळवस झाली. शेतातून लातूरला परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. लेक रुसून आतल्या खोलीत बसली आहे. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहिते आहे, समोर तू दिलेला पेला आहे.

तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता माझी लेक नऊची झाली आणि वरचे अजून आहेतच. उदगीरच्या किल्ल्यावर ती राखाडी सावली अजून थांबलेली आहे, आणि तिच्याखालच्या रानात तूर अजून फुलत नाही. वरचे बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या वतीने बोलतात ते बोलके, आपल्यातलीच माणसं, गळ्यात राखाडी पट्टी घातलेली. मी लातूर-नांदेड बसवर कंडक्टर आहे. तिकीट देण्याआधी प्रत्येकाचं मनगट बघायचं, कातडीखाली बिल्ला लुकलुकतो की नाही ते. बिल्ला काढून टाकलेला कुणी चढला तर बस थांबवून बोलक्याला कळवायचं. आजवर तशी वेळ आली नाही. दिवसभर मनगटं बघून बघून मला आता माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. हे कसलं मेलं काम, असं तू म्हणाली असतीस. पोटाचं काम आहे, माय, दुसरं काय.

वरचे यायच्या आधीची शेवटची येळवस मला लख्ख आठवते. ज्वारी पोटरीत आलेली, हरभरा घाट्यांवर, आणि रानारानात कडब्याच्या कोपी. आपल्या कोपीत तू पाच दगडांचे पांडव चुन्याने रंगवून मांडले होतेस. बा डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन पुढे, आपण मागे. मी भज्जी आणि बाजरीचे उंडे चापत होते आणि बांधावरून एक अनोळखी माणूस गेला. मी त्याला बघितलं आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. तुझा हात नेहमी तोंडाच्या आधी चालायचा. पाठीत असा दणका बसला की घास बाहेर आला.

"येळवसला बांधावरनं माणूस उपाशी चाललाय, अन् तू गिळून राह्यलीस? पळ. हाक मार त्याला."

मी रडत रडत ओढ्यापर्यंत पळाले. तो माणूस आला, पोटभर जेवला, कोपीपुढे हात जोडून गेला. पुढच्या बाजारी तू उदगीरहून माझ्यासाठी स्टीलचा पेला आणलास, त्यावर माझं नाव टोचून घेतलेलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर बाचं नाव होतं. माझ्या नावाचं ते पहिलंच भांडं. मी तो उशाशी घेऊन झोपायचे.

त्या उन्हाळ्यात आभाळातून वरचे आले. नांदेडला गोदेकाठी त्यांनी काहीतरी उभारायला घेतलं आणि बाला तिथं नेलं. मग पुढची येळवस आली. वरचे काही खात नाहीत, त्यामुळे जेवणाच्या सणात त्यांना काही धोका दिसला नसावा, त्यांनी ती बंद केली नाही. मामा आठ दिवसांपासून आपल्या कडब्याच्या गंजीत लपलेला होता. बिलोलीहून पळून आलेला, मनगटातला बिल्ला विळ्याने काढलेला, त्यावर तुझ्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. सापडला तर तो वर जाणार, आणि त्याच्याबरोबर लपवणाराही. येळवसला गावंच्या गावं रानात असतात, कुणाचा बिल्ला कुठे याचा मेळ बोलक्यांना लागत नाही. संध्याकाळी पोरं कडब्याच्या पेंढ्या पेटवून शेताभोवती पळतात, त्या गडबडीत त्याने देगलूरच्या अंगाला निघून वरच्यांची हद्द ओलांडायची, असं तुमचं ठरलं होतं. पोरं पेंढ्या ओढायला गंजीला हात घालणार म्हणून सकाळीच तू त्याला कोपीत, पांडवांच्या मागे बसवलंस.

मला तू एवढंच सांगितलंस की मामा इथं आहे हे बोलायचं नाही. आज कुणाला हाक मारायची नाही, हे सांगायचं राहून गेलं. ते सांगावं लागेल असं तुझ्या मनातही आलं नसेल.

बांधावरून एक माणूस चालला होता. तू चुलीवरची खीर ढवळत होतीस, तुझी पाठ होती. मी उठले आणि ओरडले, "ओ पावणं, या जेवाया!" तू वळलीस. तुझा तो चेहरा मी नंतर कुठल्याच माणसाच्या तोंडावर बघितला नाही. पण येळवसला बोलावलेल्याला परत पाठवणं तुला जमलं नाही. "या, बसा," म्हणालीस आणि धडपा अंथरलास. मी माझ्या पेल्यात त्याला आंबील दिली.

तो जेवला. मग हात धुऊन कोपीकडे निघाला.

"ऱ्हाऊ द्या दादा," तू म्हणालीस. "लेकरू निजलंय आत."

"पांडवाला हात न जोडता कसं जावं, अक्का?"

तो वाकला. हात जोडायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला, परत येऊन पेल्यातली राहिलेली आंबील प्यायला, "झ्याक झालीया," म्हणाला आणि बांधाने निघून गेला.

मामा आतून म्हणाला, "अक्का, मी आत्ताच निघतो." दुपार होती. उघड्या रानात त्याला कुणीही बघितलं असतं, हे खरं. पण तू थांबवलंस ते त्यासाठी नाही. "बस गुमान," तू म्हणालीस. "आपल्या रानात जेवून गेलाय त्यो. सांगायचा न्हाई." माय, मला तुझ्या या वाक्याचा इतका राग येतो. सगळं जग उलटंपालटं झालं होतं आणि तू एका माणसाच्या जेवणावर भावाचा जीव ठेवलास.

पोरांनी पेंढ्या पेटवायच्या आत ज्वारीवर सावली आली. आवाज काहीच नाही, फक्त ऊन गेलं आणि गार वाटलं. तू मला रागावली नाहीस. नुसतं म्हणालीस, "पेला धुऊन ठेव." आठव्या दिवशी दाराबाहेरच्या ओट्यावर तुझं लुगडं आलं, घडी घालून. माणूस संपलं की वरचे कपडे परत करतात. मामाचे कपडे त्याखालीच होते.

बा नांदेडहून परत आला तेव्हा त्याने विचारलं, तो बोलका आपल्या रानात कसा काय आला? मी सांगितलं, आपणहून आला. बा तेच खरं मानून गेला. पुढे नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. मी हाक मारली हे कुणालाच माहीत नाही. आणि त्याच्या गळ्यातली राखाडी पट्टी मला हाक मारायच्या आधी दिसली होती, हे तर तुलाही माहीत नव्हतं. दिसली, आणि तरी मी बोलावलं, कारण पट्टीवाल्याला बोलवायचं नाही असं तू कधी म्हणाली नव्हतीस, आणि पाठीतला दणका आठवत होता.

आज मी लेकीला घेऊन आपल्या रानात गेले. कोप बांधली, आंबील नेली. मी तिला येळवसचं सगळं सांगत आले आहे, तुझ्याकडून आलं तसंच. बांधावरून हाक मारायचीही. नेमकं आज दुपारी बांधावरून एक माणूस आला. गळ्यात पट्टी नव्हती. डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. जन्मभर मनगटं बघणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? चालताना त्याचा तोल जात होता, दोन-तीन दिवसांचा उपाशी असावा. लेकीने पेला भरून घेतला होता, तुझाच. ती उभी राहिली, "ओ पा..." एवढं तिच्या तोंडून निघालं आणि तो थांबला. वळून आमच्याकडे बघत थांबला.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, माय. तो दिसेनासा होईपर्यंत काढला नाही.

घरी येताना बसमध्ये पेला तिने आंबिलीसकट मांडीवर धरून आणला. तो तसाच भरलेला माझ्यासमोर आहे. मला तो धुवायचा आहे.