उलटा अ‍ॅक्सल आणि दाभोशाचा चढ

१८ ऑगस्ट, सोमवार

जीपचं जुनं इंजिन आज उतरवलं. साखळीला लटकलेलं बघून अण्णा ओट्यावरून उठले, आत गेले, दार लावलं. उभी हयात जव्हार-दाभोसा सीटा वाहिल्या त्यांनी याच इंजिनावर. बापाला असं उठून जाताना बघून वाईट वाटलं, पण थांबले नाही. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर म्हणतात, जीपचं नाव काढू नका. जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगवर खड्डा लागला की मणका टाळूत. म्हणून कॉइल स्प्रिंग. आणि स्प्रिंगसोबत इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, सगळंच नवं. मोखाड्याला एक नवी जीप उलटून भंगारात निघाली होती, तिचंच. आरटीओची परवानगी हातात आहे. आता अडवून दाखवा.

२१ ऑगस्ट

वि.चा ठाण्याहून फोन. नाशिकचा कोणी शौकीन आपली जीप मागतोय. जुनं इंजिन परत बसवून बंगल्यापुढे उभी करणार. "ताई, तू आपली गिरणी सांभाळ. गाड्यांतलं तुला काय कळतं?"

धाकटा भाऊ आहे. फोन ठेवल्यावर पिठाच्या डब्याला काय ते सुनावलं.

गाडी अण्णांच्या नावावर. जेवताना भिंतीकडे बघत म्हणाले, "दसऱ्याला मला दाभोशाला खाली नेऊन परत वर आणलं, तर राहील. नाहीतर जाऊ दे नाशिकला."

बंगल्यापुढे! कुंडीसारखी! ठीक. लागली पैज.

४ सप्टें.

जीप ट्रकवर घालून बाजारापलीकडच्या गॅरेजात नेली, पण अ‍ॅक्सल जुळेना. नव्याचं तोंड, जिथे इंजिनाकडून येणारा शाफ्ट जोडतात, ते डावीकडे, आपल्या जीपचा शाफ्ट उजवीकडून येतो. मोखाड्याचे मेस्त्री दिवसभर खाली पडून होते. संध्याकाळी ओरडले, "ताई, उलथा करून बसवूया! तोंड आपसूक उजवीकडं येल." बसवला. बरोब्बर जुळला. टाळ्या मीच वाजवल्या. चहा, भजी.

११ सप्टें.

हसावं की रडावं.

इंजिन पहिल्या हाकेला सुरू. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप मागे. मागच्या पिंपावर धडकली. दुसरा टाकला, तरी मागेच. रिव्हर्स टाकला तर डौलात पुढे! अ‍ॅक्सल उलथा, म्हणजे चाकं उलटी फिरणार. गिरणीचा पट्टा पीळ देऊन घातला की जातं उलटं फिरतं, हे मी रोज बघते. तरी टाळ्या वाजवल्या. मेस्त्री कपाळाला हात लावून बसले. "नाय आलं ध्यानात, ताई." माझ्या तरी कुठं आलं?

नेमका वि. आलेला, नाशिकवाल्याला फोटो पाठवायला. म्हणे, "टोचन लावून घरी आण, शोभा पुरे झाली."

टोचन? माझी गाडी बाजारातून दोरीला बांधून जाणार नाही. रिव्हर्स टाकला आणि निघाले, पुढे तोंड करून. मेस्त्रींनी हौसेने रिव्हर्स टाकला की वाजणारा धूनवाला हॉर्न बसवलाय, तो गॅरेजपासून घरापर्यंत पिपाणीसारखा वाजत राहिला. अख्खा बाजार बाहेर. एस.टी.चे कंडक्टरसुद्धा हसत होते. मान ताठ ठेवली. कान मात्र तापले होते.

अण्णा ओट्यावर. मला बघून तोंड फिरवलं. खांदे हलत होते. संतापले असणार.

२४ सप्टें.

अ‍ॅक्सल सुलटा. तोंड कापून उजवीकडे घेतलं, वेल्डिंग केलं, शाफ्ट लेथवर आखूड केला. आता पुढे म्हणजे पुढे. सपाटीला लोण्यासारखी चालते. चढावर अजून घातलेली नाही, मनात धाकधूक आहे. वि. म्हणतो, नाशिकवाला दसऱ्यालाच येतोय. येऊ दे, त्यालाही आपट्याचं पान देऊ.

दसरा

झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. वि. आणि नाशिकवाला ओट्यावर बसून. अण्णा शेजारच्या सीटवर येऊन बसले.

दाभोशात आहोत. नदीकाठी, जीपच्या बॉनेटवर वही ठेवून लिहितेय. उतार उतरलो. स्प्रिंगनी खड्डे गिळले, अण्णांनी एकदाही 'आई गं' केलं नाही. पण शेवटच्या वळणावर शाफ्ट टकटकला. मी ऐकलं, त्यांनीही ऐकलं. खाली काय कोणीही येतं, वर जायचंय.

एक म्हातारी काठी टेकत आली, अण्णांकडे बघत मला म्हणाली, "तुजा बापूस जिता हाय कं अजून?" अण्णा हसले, कितीतरी दिवसांनी. तिला म्हणाले, "चल, जव्हारला सोडतो." पुन्हा सीट घेतली!

मग मला, "पहिल्यात नाही चढली तर?"

"चढेल."

"नाही चढली तर तोंड फिरव, रिव्हर्समध्ये काढ. रिव्हर्सला जोर जास्त. पावसात भरलेली जीप मी तशीच काढायचो वर. तू त्या दिवशी बाजारातून रिव्हर्सवरच आलीस ना, तस्संच वाटलं."

म्हणजे त्या दिवशी हसतच होते! आणि मी रात्रभर कुढत होते.

"धून वाजेल, अण्णा."

"वाजू दे."

म्हातारी मागे चढून बसलीय, काठी मांडीवर. अण्णा स्टिअरिंगवर जाऊन बसलेत. मी म्हटलं, पाठीचं काय? म्हणाले, "तिलाच तर स्प्रिंग बसवलीस ना तू?"

हात पुढे केलाय. किल्ली मागतायत.