आमच्या मिठागरातला कैलास

मौजे कळवे, माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दामाजीमामांच्या पायांशी जावई नाथा याचा दंडवत. मामींचा दमा थंडीत वर आला नसेल आणि तुमची म्हैस एव्हाना सुखरूप व्याली असेल, अशी आशा करतो. आमचं इथलं सगळं ठीक आहे. सगुणा रागावून तिकडे आली त्याला आठ-दहा दिवस झाले. तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण सांगितलेलं खरं असलं तरी ते पुरतं नसणार, म्हणून मी लिहायला बसलो. (सातवी पास जावई केलात, त्याचा एवढा तरी उपयोग.)

मुळात दोष त्या सिनेमा कंपनीचा. गेल्या वैशाखात तिची माणसं मोटारी घेऊन आमच्या मिठागरावर उतरली. त्यांना पौराणिक बोलपटासाठी कैलास पर्वत हवा होता. हिमालयात जायचं तर लांब, वर थंडी, आणि आमच्या मिठाच्या राशी कशा पांढऱ्याशुभ्र! डायरेक्टर म्हणाले, असं भव्य चित्र हिंदुस्थानात आजवर झालेलं नाही. मी म्हटलं, करा बाबा. मग काय विचारता! त्या रणरणत्या उन्हात पार्वती थंडीने कुडकुडत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग घामाबरोबर गळ्यापर्यंत ओघळत होता. शंकर अनवाणी. मिठाने त्याचे तळपाय असे झोंबले, की तांडव शिकवायला आणलेल्या मास्तरांना कामच उरलं नाही. गंगा म्हणून वरून डबाभर पाणी ओतलं, तर कैलासच विरघळायला लागला. नंदी म्हणून आमच्या शेजारच्या काळुरामचा बैल उभा केलेला. सगुणा दिवसभर हंडा घेऊन सगळ्या देवांना पाणी पाजत फिरत होती, शंकराच्या पायांना खोबरेल तेलही तिनेच दिलं. म्हणजे मामा, तो कैलास कशाचा, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, एवढं ध्यानात ठेवा.

ते चित्र आता ठाण्याला लागलं. टांग्यातून ढोल बडवत पत्रकं वाटली. (नाव मुद्दाम लिहीत नाही, तोंड कडू होतं.) आम्ही दोघं नटूनथटून गेलो. पहिला तासभर नुसता स्वर्ग. स्वर्गाला जिना होता आणि इंद्र दर खेपेला धोतर सावरत उतरत होता. राक्षसांनी भीती घालावी, तर त्यातला एक मागे उभा राहून जांभया देत होता. लढाई तर एवढी लांबली, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने एक झोप काढली, उठला, आणि तरी तीच लढाई. आणि देवांचं बोलणं काय वर्णावं! आपला धाकू कोळी नारळी पुनवेला दर्यापुढे उभा राहून याच्यापेक्षा बरं बोलतो. एवढा गाजावाजा आणि हाती काय, तर डोकेदुखी.

मध्यंतराच्या जरा आधी कैलास आला. टॉकीजमध्ये सगळे चिडीचूप. बायांनी हात जोडले. सगुणानेही जोडले, डोळे मिटले, ओठ हलायला लागले. आणि नेमकी तेव्हाच, मामा, नंदीने मान वळवली आणि कैलास चाटायला घेतला! शंकर गातोय, पार्वती कुडकुडतेय, आणि काळुरामचा बैल मिटक्या मारत पर्वत चाटतोय. मला कुठलं हसू आवरायला! मी सगुणाला कोपराने ढोसून मोठ्याने म्हणालो, अगं बघ बघ, आपलं मीठ! अर्धी टॉकीज हसली, उरलेल्या अर्ध्या टॉकीजने मला शिव्या घातल्या. सगुणाने डोळे उघडले, ते भरलेले. एवढंच म्हणाली, "मी तुमचा खोकला जावा म्हणून मांगत होते, नि तुमाला हसू येतंय?" मध्यंतरात ती उठून गेली. मला वाटलं, चणे घ्यायला गेली असेल. मी आपला तिची जागा धरून बसलो, ते चित्र संपेपर्यंत. (जागेपायी एका पैलवानाशी भांडलो, हे तिला सांगा.) तोवर ती कल्याणला गाडी बदलून आंबिवलीला तुमच्या दारात पोचली होती.

आता न्याय तुम्हीच करा. मी खोटं बोललो का? मीठ ते मीठ. आणि हसणारा एकटा मीच होतो का? ज्या बैलाने सगळं केलं, तो मजेत कडबा खातोय. सगुणाला रागात राहायचं असेल, तर खुशाल राहू दे. माझं इथे काहीच अडत नाही. भाकरी माझी मीच थापतो. (एका बाजूने कच्ची राहते, पण दुसऱ्या बाजूने करपते, म्हणजे बेरीज बरोबर येते.) खोकला आहे तसाच आहे, त्याची कोणी काळजी करू नये. मामींना नमस्कार.

तुमचा जावई,
नाथा

ता. क. माझं काही अडत नाही, हे वर लिहिलंय तेवढं मामींना वाचून दाखवा. तुमच्यापुरतं सांगतो, घर खायला उठतं हो. चुकलं माझं. तिला घेऊन या.

आणखी एक. ते भिकार चित्र मी त्या दिवसापासून रोज बघतोय. मध्यंतरानंतर कैलास पुन्हा येतो. शंकर तिसरा डोळा उघडतो, विजा कडाडतात, आणि त्या गडबडीत अगदी कडेला, राशीच्या आडून, लुगड्यातली एक बाई डोकीवर हंडा घेऊन पुढे येते, देवांकडे बघते आणि जीभ चावून चटकन मागे होते. एवढी मोठी कंपनी, पण कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मामा, ती आपली सगुणा. तिने ते अजून बघितलेलंच नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसते, पण काय दिसते! शुक्रवारी चित्र बदलणार आहे. मग ती मला तिथेही दिसायची नाही.