मधलं वाचलंस का?

तात्या,

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज सकाळी तुम्ही माझे दोन वर्षांचे कष्ट वाचवलेत. आईला विचाराल तर ती म्हणेल, मी वाचवले. तिचंही खरंच आहे, पण विद्या तुमची. अजून मधूनच हसू फुटतंय, आणि हे सगळं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला आज चैन पडणार नाही.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर म्हणाल, "आगापिछा न्हाई, नुसती बडबड." मी बोरीतच राहते, आणि घरी बसून परदेशातल्या एका कंपनीसाठी लहान मुलांच्या गोष्टींची चित्रं काढते. ती मंडळी पैसे बँकेत पाठवत नाहीत, क्रिप्टोत देतात. मोबाईलमधले डॉलर समजा, मोबाईलमधल्याच पाकिटात पडतात, त्याला वॉलेट म्हणतात. त्याचे रुपये करायचे तर ते दुसऱ्या एका कंपनीच्या पत्त्यावर धाडायचे, मग तिथून ते आपल्या बँकेत येतात. आता तो पत्ता बघितला असतात ना, तर तुम्ही चष्मा काढून कपाळाला हात लावला असता. बेचाळीस आकडे-अक्षरं, सलग, गिचमीड. नाव नाही, गाव नाही, मुक्काम पोस्ट नाही. एकदा चुकीच्या पत्त्यावर गेलं की गेलंच. 'या नावाचा इसम येथे राहत नाही' असा शेरा मारून माघारी आणणारा पोस्टमन त्या दुनियेत नाही.

पाकिटात जे होतं ते आईच्या गुडघ्यांसाठी होतं. दोन वर्षं झाली, तिला एसटीची पायरी चढवत नाही. माहेर डिंभ्याला, एवढं जवळ, पण मामाचं तोंड बघितलं नाही तिने. गाडी करू म्हटलं तर म्हणते, "मी काय नवरी हाय का गाडीतून जायला? जाईन तर माझ्या पायानं." ऑपरेशनची तारीख मिळाली पुढच्या सोमवारची. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर स्वयंपाकघरातच बसले. आई मेथी निवडत होती. मी कंपनीचा पत्ता मोबाईलवर उघडला, तर ती म्हणाली, "मोबाईलचं मोबाईललाच इचारणार व्हय? कागदावर घे." तुमच्या ट्रंकेत मनीऑर्डरचे कोरे फॉर्म अजून पडलेत. त्यातल्या एकाच्या पाठीवर मी सगळी बेचाळीस अक्षरं उतरवून तिच्या हातात दिली, म्हटलं तेवढंच तिचं समाधान.

मग आधी थोडेसेच पाठवून बघितले, शहाणी माणसं असंच करतात. ते पोचले. मी खूश. आता सगळे पाठवायचे. त्यासाठी कंपनीचं ॲप पुन्हा उघडून, पासवर्ड टाकून, कोड येईपर्यंत थांबून पत्ता पुन्हा घ्यायला हवा होता. मला कंटाळा आला. वॉलेटमध्ये आधीच्या व्यवहारांची यादी असते, तिच्यात सगळ्यात वर तोच पत्ता दिसत होता. म्हटलं, आत्ताच तर पाठवले, हाच तो. यादीत पत्ता अर्धाच दिसतो, पुढची सहा अक्षरं, मागची चार, मध्ये नुसती टिंबं. पुढची जुळली, मागची जुळली. उचलला, चिकटवला, आणि बटणावर अंगठा नेला.

"मधलं वाचलंस का?"

आईने मेथीतून मान वर केली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, तात्या. शब्द तेच, सूरसुद्धा तुमचाच.

मला एकदम राजुरी आठवली. मी अकरा वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून मी टपाल वाटायला आलेय. राजुरीत त्या एका आळीत निम्मी घरं एकाच आडनावाची, आणि त्यात एकाच नावाचे दोघे. एक चावडीजवळ राहणारा, दुसरा पार कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवर. तुम्ही पारावर एका म्हातारीला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवताय, आणि मला एक पाकीट देऊन म्हणता, "जा, दिऊन ये. मधलं वाच पण." मी गेले आणि चावडीजवळच्या घरात देऊन आले. परतीच्या वाटेवर तुम्ही विचारलंत, "कुणाकडं दिलं?" मी सांगितलं, तशी सायकल तिथेच वळवलीत. ते पाकीट वस्तीवरच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं होतं, मुलाखत दोन दिवसांवर. वाटेत तुम्ही एवढंच बोललात, "मधलं नाव म्हंजे त्याचा बाप. बाप गाळून माणूस वळखायचा व्हय गं?" आणि मग चावडीजवळच्या त्या घरात, पाचपन्नास डोळ्यांदेखत, मला पाकीट परत मागायला लावलंत. मी रडले. पुढे आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

तर आज आईवर मी खेकसलेच. "अगं, पुढचं-मागचं जुळलंय, सगळे तेवढंच बघतात!"

"सगळे बघत असतील. ह्या घरात न्हाई. वाच."

चष्मा चढवून, फॉर्म हातात धरून ती बसली. सातवी शिकलेली तुमची बायको, पण त्या पत्त्यात सुरुवातीचा एक एक्स सोडला तर आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात. तेवढं तिला पुरतं. मी मोबाईलवरून वाचत गेले, ती बोट फिरवत गेली. सातव्या अक्षराला म्हणाली, "थांब. हितं पाच हाय."

"पाच नाही आई, डी आहे."

"तूच लिवलंय ना? पाच हाय."

पुढचं सगळंच वेगळं होतं. शेवटची चार तेवढी तीच.

लबाडी मला नंतर कळली. हे व्यवहार उघड्यावर असतात, कुणीही बघू शकतो. चोर टपून बसतात. तुम्ही कुठे पाठवलंत ते बघून तसाच दिसणारा पत्ता बनवतात, पुढचं-मागचं तेच, पोट निराळं. मग त्यावरून तुम्हाला कवडीमोल काहीतरी पाठवतात, म्हणजे तो तुमच्या यादीत सगळ्यात वर येऊन बसतो. पुढचं काम तुमचा कंटाळा करतो.

मी ते पुसलं. मुकाट्याने कंपनीचं ॲप उघडलं, कोडची वाट बघितली, खरा पत्ता घेतला. बेचाळीसच्या बेचाळीस आम्ही दोघींनी दोनदा वाचली. मग बटण दाबलं. पाच मिनिटांनी 'जमा' असं दिसलं, आणि मी आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. ती आपली मेथी सांडली म्हणून ओरडत होती. मग म्हणाली, "डिंभ्याची एसटी किती वाजता असती आता? काय नेम न्हाई म्हणा तिचा." बाई आत्तापासूनच निघालीय. लई हलकं वाटतंय, तात्या.

हे पत्र तुमच्या ट्रंकेत ठेवते. पाकिटावर तुमचं पूर्ण नाव लिहिलंय, आजोबांच्या नावासकट.

एक राहिलं. त्या दिवशी चावडीजवळच्या घरात तुम्ही हात जोडून म्हणालात, "पोरीची चूक न्हाई राव, मीच शिकवलं न्हाई तिला." तुम्ही तर रोज शिकवत होता. आणि मधलं नाव मी वाचलं होतं, तात्या. कॅनॉलपर्यंत उन्हात चालायचा कंटाळा आला होता.