तक्त्यावरचं दुसरं नाव

२५ ऑगस्ट
आले एकदाची! ओहायोतलं छोटंसं कॉलेज, पहिल्या वर्षाची केमिस्ट्री लॅब शिकवायची आणि चोवीस पोरं. सगळी मला बिनधास्त ‘हाय, हर्षिता’ म्हणतात. नागपूरच्या आमच्या मॅडमनी वर्गाबाहेरच काढलं असतं. मैत्रीण सोनल दीड तासावर, ओहायोतल्याच डब्लिन गावात. दर शनिवारी भेटायचं ठरलंय.

५ सप्टेंबर
लॅबमध्ये एकट्यानं प्रयोग करायला सक्त मनाई. दारावरच्या तक्त्यावर दोन नावं लागतात. शुक्रवारी दुपारी डिपार्टमेंटमध्ये चिटपाखरू नसतं, आणि सोमवारचा प्रयोग आधी करून तर बघायला हवा. दिलं ठोकून दुसऱ्या रकान्यात: प्रफुल्ल. असा कुणी नाहीच. सोनलला सांगितलं तर खूप हसली. मग म्हणाली, “यार, हा वीकेंड पण कॅन्सल केला गं, सॉरी.”

१५ सप्टेंबर
मुलं चोवीस, रिपोर्ट पंचवीस! पंचविसावा मराठीत, वर नाव प्रफुल्ल. आकडे माझ्या त्या शुक्रवारच्या प्रयोगाचे, थेंबापर्यंत बरोबर. सोनलचाच आगाऊपणा असणार; हे नाव तिलाच ठाऊक. निष्कर्ष नव्हता, म्हणून सवयीनं दोन गुण कापले आणि लाल पेनानं लिहिलं, ‘निष्कर्ष लिहा.’ खरं सांगू? बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मराठी वाचलं.

२९ सप्टेंबर
शुक्रवारी पुन्हा त्याचंच नाव लिहिलं होतं. आज त्याचा रिपोर्ट आला. निरीक्षणं: ‘३.१० – ती फोन बघते. ३.४० – ती फोन बघते. ४.०५ – ती एकटीच बोलते.’ निष्कर्षासमोर: ‘अजून पुरावा हवा.’
सोनल शपथेवर नाही म्हणाली. मला भीती वाटतेय. तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते –

४ ऑक्टोबर
सोनलला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. मला वाटलं, थट्टा. नाव सांगितलं. तिनं तेच पुन्हा हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत, जणू माझं मराठी तिला कळतच नव्हतं. मग ठेवला.

६ ऑक्टोबर
हजेरी घेतली. एकानंही ओ दिली नाही. पोरं माझ्यासमोर बसून दाराकडे बघत होती. पंधरा मिनिटांनी – टीचर आल्या नाहीत म्हणत – उठून गेली. मी ओरडले. खूप ओरडले.

७ ऑक्टोबर, दुपार
लॅबमध्ये आलेय. तक्त्यावरचं त्याचं नाव खोडलं.
परत पाहिलं. खोडलेलं नाव माझं –
टेबलावर रिपोर्ट. पेन नाही. हात नाही. अक्षरं उमटतायत –
‘निष्कर्ष: हर्षिता नावाची इथे कुणी