पोवळ्यांवरच्या रेघा

३ जानेवारी २०१२, कामोठे
किळस आली आज. परेशचा प्रबंध चाळला. आमच्याच लॅबमधला, मला सीनियर. मी मोजतेय तीच कच्छची दगड झालेली पोवळी, डायनासोरच्या काळातल्या समुद्रातली. पोवळ्याच्या अंगावर रोज एक बारीक रेघ उमटते. वर्षभराच्या रेघा मोजल्या की तेव्हाचं वर्ष किती दिवसांचं ते कळतं. पृथ्वी जोरात फिरायची, म्हणून साधारण ३७५ यायला हव्यात. परेशचे अकराच्या अकरा नमुने – ३७५! अरे, जिवंत प्राणी होते ते! एखादा दिवस चुकतो, वादळात रेघ खरवडली जाते. याची पोवळी मात्र मस्टरवर सही करून वाढलेली. शी!

४ जानेवारी
आमचे गाइड सर म्हणाले, "जाऊ दे गं, व्हायवा तोंडावर आलाय त्याचा." का जाऊ दे? विद्यापीठाच्या समितीकडे लेखी तक्रार दिली. सोबत माझे आकडे – ३७१, ३७८, ३७४, ३७६. खरे आकडे असे मागेपुढे असतात.

९ जानेवारी
परेश कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसला. "एकेक रेघ मोजलीय गं मी." मोजणीची वही माझ्यापुढे सरकवली. नाटकी मेला! चहा तसाच टाकून उठले.

२१ जानेवारी
डोळे गेले मोजून मोजून. मार्चमध्ये माझाही प्रबंध द्यायचाय. घरमालकीण ठमाबाई मूळच्या उरणच्या, कोळीण, अजून जाळी विणतात. म्हणाल्या, "आण इकडं. जाल्याचं आस मोजतंच ना मी रोज." आस म्हणजे जाळ्याची भोकं. आधी हात बघावा म्हणून माझ्या मोजून झालेल्या चार नमुन्यांचे मोठे फोटो दिले. किती यायला हव्यात ते सांगितलं नाही. दर वीस रेघांना दोरीला एक गाठ मारत बसल्या.

२२ जानेवारी
३४१. ३९६. ३५२. ३२९!

चिडले. शेजारी बसून पुन्हा मोजायला लावलं. मधेच बोट ठेवलं – मावशी, ही सोडलीत.

"हितं रेघ नाय."

आहे हो, पुसट आहे!

"मंग मगाशी तशीच पुसट होती, ती तू नको बोललीस."

भिंग घेऊन बसले. खरंच सारख्या होत्या दोन्ही. आकडा कमी पडत असला की मी पुसट रेघ धरते, जास्त व्हायला लागला की सोडते. इतके महिने हेच करतेय, आणि कळलंसुद्धा नाही! परेशही असाच मोजत असणार, अगदी मन लावून. स्वतःचीच घाण वाटतेय.

२८ फेब्रुवारी
परेशचा प्रबंध नाकारला. समितीच्या पत्राला माझे चार आकडे जोडलेत, प्रामाणिक मोजणीचा नमुना म्हणून. सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी उभी राहिले आणि थँक्यू म्हणाले.