सहावा मीटर

७ मे, दाभोळ

आलो एकदाचे! सांगलीहून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं, मे महिन्यात कोकण म्हणजे नुसता घाम. घाम आहेच, पण समोर खाडी आहे आणि क्वार्टरच्या मागे हापूसची दोन झाडं. सानवी आल्या आल्या त्यांच्याखाली पसार झाली. आठ वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं? तिचा बाबा रितेश जहाजावर नोकरीला, त्यामुळे सुट्टीभर लेक माझ्याबरोबरच.

काम मासळीच्या शीतगृहात. पाच थंड खोल्या आणि प्रत्येकीसाठी पॅनेलवर एक डिजिटल मीटर, म्हणजे लाल आकड्यांची छोटी डबी. खोली किती थंड आहे ते दाखवायचं आणि किती थंड ठेवायची ते सांभाळायचं, एवढंच तिचं काम. आजवर आकडे हाताने उतरवत होते. मी मीटर कॉम्प्युटरला जोडणार, मग नोंदी आपोआप होतील आणि सेटिंगही खुर्चीत बसून. इथले जुने ऑपरेटर शिवाकाका म्हणाले की मग आमी काय करायचं, माश्या मारायच्या? मी म्हटलं, माश्या मारा नाहीतर मासे, पण चहा मात्र तुमच्याच हातचा हवा. हसले. आमचं जमेल.

९ मे

फत्ते! दोन तारांची एकच केबल पाचही मीटरमधून फिरवली आणि कॉम्प्युटरला आणली. प्रत्येक मीटरला आपला एक पत्ता असतो, एक, दोन, तीन. कॉम्प्युटरने पत्ता पुकारला की तेवढ्याच मीटरने उत्तर द्यायचं. पहिल्या हाकेला पहिला मीटर बोलला तेव्हा मी खुर्चीतच नाचले.

चाचणीसाठी प्रोग्रॅममध्ये एक खोटी ओळ घातली. पत्ता सहा. त्याला मीटर नाही, तार नाही. नावाच्या जागी ‘सानवी’ लिहिलं. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात, चाचणीला पोराबाळांचीच नावं सुचतात. सानवी तर जाम खूश. मग एकेकाला कशाला सांगत बसा, म्हणून सगळ्यांना एकदम हुकूम सोडला, उणे अठरा. पाचही मीटरनी मान्य केला.

खोटी ओळ पुसायची राहिली. उद्या बघू.

१० मे

गंमतच आहे. सहावी ओळ उत्तर देतेय. ३६.८ अंश. कुठूनतरी गडबड शिरली असणार. केबलचं शिल्डिंग, म्हणजे बाहेरची गडबड अडवणारं जाळीचं कवच, पुन्हा तपासते.

१२ मे

केबल कॉम्प्युटरपासून पूर्ण काढली. पाच ओळी गप्प झाल्या, सहावी चालूच. ३६.१.

शिवाकाकांना दाखवलं. आकड्याकडे त्यांनी बघितलंच नाही, नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, इथे थंड खोलीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. शुक शुक करतात, टाळी वाजवतात. थंडीला नाव सांगायचं नाय बाय, ती इसरत नाय. मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून मला हे लोक माल भरताना दिसतात आणि खरंच, एकही नाव ऐकू येत नाही.

१३ मे

सानवी दुपारी उन्हात खेळून आली आणि पांघरूण मागू लागली. बाहेर अंगाची लाही होतेय. थर्मामीटर लावला. मग ऑफिसात धावत जाऊन सहावी ओळ बघितली.

तोच आकडा. दशांशासकट.

मी घाबरले आहे. खूप घाबरले आहे.

१५ मे

सानवीला दापोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, सलाइन लावलं, गरम पाण्याच्या पिशव्या देऊन घरी पाठवलं. प्रोग्रॅमने इकडे सगळी नोंद ठेवली होती. रेघ खाली, सरळ खाली. ३४.२.

उणे अठराचा हुकूम मीच सोडला. ती ओळ तो पाळतेय.

१६ मे

हुकूम बदलायला गेले. नकार. पुन्हा केला. नकार. कॉम्प्युटर बंद करून पाहिला, काहीच फरक नाही.

शेवटी ओळच पुसली.

सानवीचा श्वास थांबला. तिच्या उशाशी बसलेले शिवाकाका क्वार्टरच्या खिडकीतून ओरडले— ओळ परत लिहिली. श्वास आला. देवा, ते मधले क्षण—

१७ मे

३१.०. ओठ निळे. आता मला ओळखतही नाही.

ती ओळ एकच गोष्ट बदलू देते, नाव. ‘सुरमई’ लिहिलं, ‘बर्फ’ लिहिलं. पुसून परत ‘सानवी’ येतं. माणूसच हवा आहे तिला.

शिवाकाकांचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. बोट बटणावर होतं. ते बाहेर तिच्यासाठी पेज ढवळत होते— पुसलं. मला माझीच शिसारी आली.

मग माझं लिहिलं. मृणाली.

टिकलं.

१८ मे

सानवीने दोन वाट्या पेज खाल्ली! वर लोणचं मागितलं. अंग ऊबदार. मी रडले, तिला कुस्करून टाकलं.

माझा हात गार का, विचारत होती. विचारत राहिली. शेवटी सांगितलं, तुझ्या नावाच्या जागी मी माझं घातलं, आता तू बरी. खोटं कधी बोलले नाही तिच्याशी. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर का, एवढंच विचारलं तिने.

२० मे

माझा आकडा ३१.६. पेन धरवत नाही. शिवाकाका सानवीला फेरीबोटीने पलीकडे सोडणार, तिथून गुहागरला सगुणाआत्याकडे. रितेशला निरोप धाडला आहे. मी भीत नाही. ती सुटली, बस्स.

निघाली होती. पाण्याची बाटली ऑफिसात राहिली म्हणाली, घेऊन येते.

बोटं जरा मोकळी झालीत. अक्षर बरं येतंय.

कपाळावर घाम. उकडतंय. पंखा लावा म्हटलं शिवाकाकांना— किती दिवसांनी उकड—

मला बरं का वाटतंय?

शिवाकाका म्हणतायत, बाटली तर हितंच हाय, पिशवीत. मग ती ऑफिसात कशा—

सानवी

सानवी, हात लावू नको त्या